निर्मळ हात, निर्धोक रुग्णसेवा

रोगी रुग्णालयात येतो तो बरा होण्यासाठी. परंतु ज्या हातांनी त्याची शुश्रूषा व्हावयाची, त्याच हातांवरून एका रोग्याचे जंतू दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणूनच रुग्णालयातील हातांची स्वच्छता ही केवळ वैयक्तिक बाब नसून उपचाराचेच एक अंग होय. हे तत्त्व सर्वांना मान्य असूनही आचरणात का उतरत नाही, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

व्हिएन्नाचा धडा

व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुईणी काम करीत. १८४६ साली पहिल्या कक्षात शंभरामागे अकराहून अधिक माता दगावल्या; दुसऱ्यात हे प्रमाण तीनहून कमी होते. शवविच्छेदन करून आलेले हात सूतिकाज्वरास कारण होतात, हे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले व मे १८४७ पासून क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ मध्ये पहिल्या कक्षातील मृत्युप्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. तथापि, अनेक वरिष्ठ डॉक्टरांनी हे मत दीर्घकाळ स्वीकारले नाही. सत्य सापडले एवढ्याने सवय बदलत नाही, हाच त्याचा अर्थ.

सोय हवी, केवळ सूचना नव्हे

जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात प्रा. दिदिए पिते यांनी १९९४ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षण केले. आवश्यक प्रसंगांपैकी केवळ ४८ टक्के प्रसंगी हात स्वच्छ केले जात होते. कामाचा ताण जितका अधिक, तितके हे प्रमाण कमी. दर वेळी बेसिनपर्यंत जाऊन येण्यास परिचारिकेला सवड नव्हती. तेव्हा अल्कोहोलयुक्त द्रावणाची बाटली खाटेशेजारीच ठेवण्यात आली, भित्तिपत्रके लावण्यात आली, आणि निरीक्षणाचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना वेळोवेळी सांगण्यात आले. १९९७ पर्यंत हे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले. १९९४ ते १९९८ या काळात रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाणही १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. ही सुधारणा परिचारिकांमध्ये ठळक दिसली. डॉक्टर मात्र मागेच राहिले.

पाच प्रसंग

जागतिक आरोग्य संघटनेने पाच प्रसंगी हात स्वच्छ करण्यास सांगितले आहे : रोग्यास स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक क्रियेपूर्वी, रक्तादी स्रावांशी संपर्क येण्याचा संभव असल्यास त्यानंतर, रोग्यास स्पर्श केल्यावर, आणि त्याच्या सभोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यावर. द्रावण २० ते ३० सेकंद चोळावे. हात मळलेले दिसत असल्यास साबण व पाणीच वापरावे. त्यास ४० ते ६० सेकंद लागतात. हातमोजे घातले तरी ही दक्षता टळत नाही.

स्थानिक जबाबदारी

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत चार प्रश्न अवश्य विचारले जावेत. नळास पाणी आहे काय? साबण संपल्यावर तो कोण आणतो? द्रावणाची बाटली खाटेजवळ आहे, की कपाटात कुलूपबंद आहे? वरिष्ठ स्वतः हा नियम पाळतात काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याखेरीज परिचारिकेस किंवा शिपायास बोल लावणे न्याय्य ठरणार नाही. खर्च अल्प, परंतु त्यावर बाळंतिणीचे व नवजात अर्भकाचे प्राण अवलंबून आहेत, याचे भान सर्व संबंधितांनी ठेवावे.