मज्जारज्जूची झीज आणि उद्याचे पाऊल

पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचे नेमके वर्णन केले. या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंचे आवरण कुरतडते. मेंदूच्या चित्रात डाग पुष्कळ, तरी एखादा रुग्ण चालतो. दुसऱ्याला डाग थोडे, तरी काठी लागते. हे कसे, असा प्रश्न मला पडला. उत्तराचा एक धागा मज्जारज्जूत आहे. १९९६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एमआरआयने मानेतील मज्जारज्जूच्या छेदाचे क्षेत्रफळ मोजले. ते जितके कमी, तितके अपंगत्व अधिक आढळले. पुढील अभ्यासांत, झीज वेगाने होणाऱ्यांचे अपंगत्व वाढण्याचा संभव जास्त दिसला. हा अंदाज समूहाचा आहे. एकट्या माणसाचे भवितव्य त्याने ठरत नाही. पण नष्ट झालेला तंतू परत येत नाही, म्हणून वेळेवर मिळालेला इशारा मला मोलाचा वाटतो.