श्रावणातील मद्यत्याग, पोळ्यानंतरचा ध्वंसक आणि वैद्याचे कर्तव्य

आषाढ अमावस्या उलटून दोन दिवस झाले की नागपूर व आसपासच्या गावांतील आमच्या चिकित्सालयांत एका विशिष्ट लक्षणसमूहाचे रुग्ण येऊ लागतात. हाताला कंप, अंगाला दरदरून घाम, निद्रानाश, हृल्लास आणि किंचित आवाजानेही दचकणे. तक्रार मात्र एकच असते, 'अशक्तपणा आला आहे, एक सलाईन लावा.' खोदून विचारले असता कळते की रोज मद्य घेणाऱ्या या गृहस्थाने श्रावण पाळण्यासाठी गटारीच्या रात्रीनंतर थेंबही घेतलेला नाही. घरची मंडळी आनंदात असतात. प्रसंग मात्र चिंतेचा असतो, आणि ही चिंता ओळखण्याची पहिली संधी बहुधा आपल्यासारख्या कौटुंबिक वैद्यालाच मिळते.

दीर्घकाळ व नित्य मद्यपान करणाऱ्याचा मेंदू मद्याच्या शामक प्रभावाशी जुळवून घेतो व स्वतःची उत्तेजक यंत्रणा वाढवून ठेवतो. मद्य एकाएकी थांबले की शमन नाहीसे होते आणि उत्तेजना तेवढी शिल्लक राहते. शेवटच्या पेल्यानंतर सुमारे ६ ते ८ तासांत कंप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना ज्वर, तीव्र प्रलाप, दिशाभ्रम आणि नसलेल्या वस्तू दिसणे असा उपद्रव होतो, व तो उपचाराविना प्राणघातक ठरू शकतो. अफूवर्गीय द्रव्यांचा विच्छेद रुग्णाला असह्य वाटतो, पण अन्यथा निरोगी माणसाचा जीव त्यात क्वचितच जातो. मद्याचे तसे नाही. समाजात समज नेमका उलटा आहे: गर्द भयंकर, आणि दारू 'मनात आणले की सुटते'. शिवाय, वारंवार होणारा विच्छेद पुढच्या वेळी अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. गेल्या श्रावणात केवळ हात कापले, म्हणून यंदाही तेवढ्यावरच निभावेल असे गृहीत धरता येत नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवयीचा त्याग पादांशिक क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने कमी करीत व मध्ये दिवसांचे अंतर वाढवीत करावा, असे सांगितले आहे. हे तत्त्व मद्याला लागू पडते, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु त्याचा अर्थ 'रोज थोडी कमी घ्या' असा सल्ला देऊन रुग्णाला घरी पाठवावे, असा काही जण लावतात. तो आम्हांस मान्य नाही. ज्याचा स्वतःवरील ताबाच व्याधीने हिरावला आहे, त्याच्याच हाती मापाचा पेला देणे ही चिकित्सा नव्हे. आजच्या काळात पादांशिक क्रमाचे सुरक्षित रूप रुग्णालयात आढळते: डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा यकृत विकृत असल्यास लोराझेपाम देऊन तेथील चिकित्सक काही दिवसांत मात्रा क्रमाने उतरवतात. आपल्या तत्त्वाशी हे सुसंगतच आहे.

म्हणून ज्याला पूर्वी विच्छेदकाळात झटके वा भ्रम झाला आहे, जो सकाळी उठताच प्याल्याशिवाय उभा राहू शकत नाही, ज्याला कामला, ज्वर किंवा अविरत छर्दी आहे, त्याला मद्य बंद करण्यापूर्वीच मेडिकल, मेयो अथवा प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पाठवावे. झटका येऊन गेला असेल तर वेळ न दवडता पाठवावे. अशा वेळी ब्राह्मीच्या मात्रेचा विचार करीत बसू नये.

आता सलाईनविषयी. मद्यपी बहुधा नीट जेवत नाही व त्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, अत्यल्प असते. अशाला नुसते ग्लुकोज शिरेतून दिल्यास उरलेसुरले थायमिन वापरले जाऊन मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. थायमिन आधी अथवा निदान सोबतच दिले पाहिजे. नजर स्थिर न राहणे, चालताना तोल जाणे आणि गोंधळ यांपैकी एक लक्षण दिसले तरी संशय घ्यावा. तिन्हींची वाट पाहू नये.

श्रावण अमावस्येला पोळा येतो, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा व मारबतीची मिरवणूक, आणि महिनाभराचा संयम अनेकांचा त्याच दिवशी सुटतो. चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायातील ध्वंसक आणि विक्षय येथे आठवतात. आधुनिक लेखांतून ध्वंसक म्हणजे मद्यविच्छेदाची लक्षणे, असे समीकरण सर्रास मांडले जाते. मूळ वर्णन पाहता ते तंतोतंत जुळत नाही. शब्द सहन न होणे हे लक्षण दोन्हीकडे आहे खरे, पण मद्य सोडलेला मनुष्य जेव्हा सहसा पुन्हा अतिमात्र मद्य घेतो तेव्हा हे विकार होतात, असा ग्रंथाचा स्पष्ट अभिप्राय आहे. कफप्रसेक, कंठ व मुखाचा शोष, तंद्रा व निद्रेचा अतियोग हे ध्वंसकात. संमोह, छर्दी, अंगपीडा, ज्वर, तृष्णा, शिरःशूल हे विक्षयात. संयमाच्या काळात सहनशक्ती उतरते आणि जुने माप नव्या शरीरावर आदळते, ही गोष्ट ग्रंथकारांनी हेरली होती. अफूवर्गीय व्यसनात तर हाच क्षण सर्वांत घातक ठरतो. उपचारकेंद्रातून बाहेर पडल्यावर पूर्वीइतकी मात्रा घेतल्याने श्वास मंदावून मृत्यू येतो. ध्वंसक-विक्षयात चरकांनी वातिक मदात्ययाप्रमाणे चिकित्सा, बस्ती, सर्पि, दुग्धपान, अभ्यंग सांगितले आहेत. तीव्र काळ ओसरल्यावर यांचे मोल मोठे आहे. झोप, अग्नी आणि मनोबल सावरण्याच्या त्या पुढच्या महिन्यांत आपले शास्त्र खरोखर उपयोगी पडते. यकृताची स्थिती पाहूनच स्नेह द्यावा, हे सांगणे नलगे.

औषधालयांच्या चालकांसाठी एक विषय स्वतंत्र आहे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश साधारणतः ५ ते १० टक्के असतो. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ ती होती. अशा भागांत एकच माणूस वारंवार आसवाच्या बाटल्या नेऊ लागला तर कारण विचारणे विक्रेत्याचे काम आहे. कर्पूरासवास १५ आणि मृतसंजीवनी सुरेस ३० मिलिलीटरची वेष्टनमर्यादा नियमांनी घातली, ती याच कारणास्तव.

त्याहून नाजूक बाब अशी की, मद्य सुटलेल्या रुग्णाला झोपेसाठी अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट लिहून देण्याचा प्रघात आहे. खुद्द मदात्ययाधिकारात श्रीखंडासव आहे. चव आणि वास तृष्णा जागवतात, हा एक भाग झाला. रुग्ण डायसल्फिराम घेत असेल तर २० मिलिलीटर अरिष्टातील अल्प मद्यांशानेही चेहरा लाल होणे, धाप, छर्दी, रक्तदाब घसरणे असा प्रकार होऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर सुमारे दोन आठवडे ही शक्यता राहते. तेव्हा अशा रुग्णास क्वाथ, वटी, चूर्ण वा घृत द्यावे. 'चहात न कळत घालावयाची पुडी' मागणाऱ्या पत्नीला किंवा आईला ती देऊ नये. रुग्णाच्या अपरोक्ष दिलेल्या पुडीत डायसल्फिराम असेल तर पहिल्याच पेल्याला वरील संकट ओढवते. त्याऐवजी त्या माउलीला १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक लिहून द्यावा, आणि रुग्णाला स्वतः घेऊन येण्यास सांगावे. आषाढ संपण्याच्या आधी आला तर उत्तम.