ट्रॉलीचा फाळका अडकला तर...



ऊस टाकून परतताना पुष्कळजण कारखान्यावरून मळी (प्रेसमड) भरून आणतात. हिंगोली-वाशीम रस्त्याने हादरे खात ट्रॉली कनेरगाव नाक्याच्या शिवारात येते, अन् मागचा फाळका काही केल्या उघडत नाही!

कारण साधे आहे. १०० टन उसामागे साधारण ३ ते ४ टन मळी निघते. ताज्या मळीत निम्म्याहून जास्त पाणीच असते. हा ओला माल फाळक्यावर रेलतो आणि खिट्टी कडीत आवळून धरतो. त्यात गंजाची भर. म्हणून घण घालण्याआधी दाब काढावा.

१. ट्रॉली सपाट जागी लावून चाकांना दगड द्यावेत. फाळका बंद असताना हायड्रॉलिकने ट्रॉली उचलू नये. वजन मागे जाऊन ती उलटू शकते.

२. वर चढून फाळक्यालगतची हातभर मळी फावड्याने पुढे ओढावी.

३. खिट्टीवर डिझेल सोडून १५-२० मिनिटे थांबावे.

४. एकाने बाजूला उभे राहून पहारीने फाळका आत रेटावा, दुसऱ्याने बाजूनेच हातोडीने खिट्टी खालून ठोकावी.

५. एक कडी सुटली की सगळा भार दुसरीवर येतो. ती कधीही सुटेल. फाळक्यामागे कुणी थांबायचे नाही. पोराबाळांना तर लांबच ठेवावे.

काम झाले की ट्रॉली धुवावी, बिजागरीला ग्रीस द्यावे आणि वाकलेली खिट्टी लगेच बदलावी. मळी सांडली तर पुन्हा भरता येते, मोडलेला पाय तसा भरून येत नाही.