मुलास मुंबईस धाडण्यापूर्वी : लोअर परळचा धडा

दहावीचा निकाल लागला म्हणजे कोकणात, तसेच सातारा-कोल्हापूरकडील खेड्यांत घरोघर एकच विचार चालतो, तो हा की, मुलाचे पुढे काय करावे? पूर्वी पुष्कळ घरी याचे उत्तर तयार असे : मुंबईस गिरणीत धाडावे. त्या उत्तराचे पुढे काय झाले हे लोअर परळ येथे स्पष्ट दिसते. म्हणून त्याचा येथे विचार करू.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन झाली. पुढे परळ-लालबागचा सारा भाग गिरणगाव झाला. गावचा तरुण गाववाल्यांच्या गाळ्यात उतरे, खानावळीत जेवी, आणि जॉबरच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागे. काम यंत्रापाशी उभे राहूनच शिकावयाचे. शाळेच्या दाखल्यापेक्षा ओळख मोठी असे. त्याच्या मनिऑर्डरीवर गावचे देणे भागे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक गिरण्या पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. वीस वर्षे साच्यावर हात बसलेल्या माणसाजवळ कसब होते. परंतु ते त्या साच्याशीच बांधलेले होते, व बहुतेकांजवळ त्याचा लेखी दाखला नव्हता. ज्यांची गावी जमीन होती ते परतले; इतरांनी मिळेल ती मजुरी धरली.

आज फिनिक्स गिरणीच्या जागी मोठा बाजार आहे व कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आहेत. तेथे काम नाही असे नव्हे. दिवे, लिफ्ट, थंड हवेची यंत्रे, स्वयंपाकघरे, हिशेब यांस माणसे लागतातच. मात्र आता केवळ ओळखीवर भागत नाही. काय येते व त्याचा दाखला कोठे आहे, हे विचारले जाते. यावरून आम्हांस पुढील गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, हुन्नर असा निवडावा की जो गावी व शहरी दोन्हीकडे चालेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व जोडारी हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, आणि संधाता म्हणजे वेल्डर हा एक वर्षाचा आहे. वीजतंत्र्यास विहिरीवरील मोटार व परळची कचेरी दोन्ही सारखीच. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यात शिकताना विद्यावेतनही मिळते. सबब जमीन गहाण टाकून खासगी वर्गाची फी भरण्यापूर्वी तालुक्याच्या सरकारी संस्थेत चौकशी करावी.

दुसरी गोष्ट, हाताला वळण शाळेतच लागावे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापिला. तेथून निघालेल्या शालेय अभ्यासक्रमात मुले जोडकाम, वीज, शेती, पशुपालन व अन्नपदार्थ करणे ही कामे प्रत्यक्ष करून शिकतात. असे शिकलेल्या मुलास आपला कल कोणीकडे आहे हे स्वतःसच कळते. आपल्या हायस्कुलात असे काही होईल काय, हे पालकांनी मुख्याध्यापकांस विचारावे.

तिसरी गोष्ट कागदांची. आमचा जन्म महसुली दप्तरात गेला, म्हणून ही आग्रहाने सांगतो. उत्पन्नाचा, जातीचा व अधिवासाचा दाखला यांसाठी निकालानंतर तहसील कचेरीत एकच गर्दी उसळते. मुदत टळली की फीची सवलत जाते, प्रसंगी जागाही जाते. याकरिता जे दाखले आधी काढता येतील ते दहावीच्या वर्षीच मागावे. शाळेचा दाखला, आधार व बँकेचे पुस्तक यांत नाव अक्षरशः एकच आहे ना, हे पाहावे. भेद असल्यास शाळा सोडण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावा. मागाहून ते फार कष्टाचे होते.

शेवटची गोष्ट, मुलास स्वतःचा अर्ज स्वतः लिहिता यावा. परक्यापुढे न अडखळता आपले काम सांगता यावे. पगाराच्या चिठ्ठीतील भविष्यनिर्वाह निधीची कपात वाचता यावी. मुलींसही हे सर्व तितकेच शिकवावे.

हे झाल्यावर मुलगा परळास जावो अथवा शेतावर राहो. एक काम बंद पडले तर दुसरे धरण्याची शक्ती त्याच्या अंगी राहील, व घरच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढणार नाही.