कोंकणांतील पर्यटन आणि शेतमजुरीचा प्रश्न

कपाशीच्या वेचणीस वेळेवर माणसें मिळत नाहींत, ही तक्रार तेल्हारा-आकोट भागांत नवी नाहीं. या कामास दिवाळीनंतर मेळघाटांतून कोरकू कुटुंबें खालीं उतरतात आणि होळीच्या सणास आपापल्या गांवीं परततात. आतां चिखलदऱ्यास, तसेंच नरनाळ्याच्या पायथ्याशीं शहानूर येथेंही प्रवाशांची ये-जा असते. तिचा मजुरीवर काय परिणाम होईल, हें जाणण्यास कोंकणाचा अनुभव पाहणें आम्हांस इष्ट वाटतें.

कोंकणांतील तरुण पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत जात असे; घर मनीऑर्डरीवर चाले आणि शेत बायकांच्या व वृद्धांच्या हातीं राही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला. १९९७ सालीं सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली, आणि गेलेला माणूस आतां परत येईल अशी पुष्कळांस आशा वाटली.

मालवण-तारकर्लीकडे कांहीं घरांस उत्पन्न मिळूं लागलें, हें खरें. परंतु शेताला मजूर मिळाला नाहीं. हापुसाची काढणी मार्चपासून मेपर्यंत चालते, आणि शाळांच्या सुटीमुळें पाहुण्यांची गर्दीही एप्रिल-मे मध्येंच होते. दोन धनी एकाच वेळीं एकाच गड्यास बोलावूं लागले, तर तो झाडावर चढण्यापेक्षां खानावळींत वाढणें पसंत करणार. यांत त्याचा दोष आम्हांस दिसत नाहीं. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीस, फवारणीस व काढणीस नेपाळी गडी ठेवावे लागतात. डोंगरउतारावरील वरकस जमिनींत पूर्वीं नाचणी-वरी होई. त्यांतील बरीच ओसाड पडली.

जमिनीची गोष्ट याहून नाजूक आहे. सातबाऱ्यावर अनेक वारसांचीं नांवें, त्यांतील बरेचसे मुंबईस, आणि कसणारा एकटा. सर्वांच्या सह्यांवांचून त्यास कर्जही मिळेना. किनाऱ्यालगतच्या जमिनीस भाव येतांच ती विकणें हाच सोपा मार्ग ठरला. ज्यानें विकली, त्याचा मुलगा त्याच जागेवरील हॉटेलांत पगारी नोकर झाला तर नवल नाहीं. ज्यानें राखून दोन खोल्यांत निवास-न्याहारीची सोय केली, त्याच्या नारळ-कोकमासही दारांतच गिऱ्हाईक मिळालें.

आपल्याकडेही हिवाळी सुटीतील प्रवासी आणि कपाशीची वेचणी एकाच सुमारास येतात. म्हणून शेतकरी बंधूंनीं वेचणीचा किलोमागील दर आधींच ठरवावा, हिशेब आठवडी बाजारापूर्वीं चुकता करावा, आणि उतरलेल्या कुटुंबास निवारा व स्वच्छ पाणी द्यावें. त्यांच्या मुलांची गांवच्या शाळेंत सोय होते कीं नाहीं, हेंही पाहावें; ज्या गांवीं ती होते तेथें कुटुंब पुढच्या वर्षीं पुन्हां येण्याचा संभव अधिक. ज्यांचें शेत रस्त्यालगत आहे, त्यांनीं विक्रीचा विचार करण्यापूर्वीं राज्याचें २०२० सालचें कृषी पर्यटन धोरण वाचावें. स्वतःच्या शेतावर केंद्र काढून त्याची नोंदणी करण्याची सोय त्यांत आहे. मात्र वेचणीच्या ऐन दिवसांत पाहुणे घेऊं नयेत. घरचीं माणसें दोन्हीकडे पुरत नाहींत.