लेथ यंत्राची ओळख

लाटणीं व भोंवरे कातणारा कातारी पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिला असेल. लांकूड फिरत असतें आणि धारदार हत्यार त्याच्या हातांत असतें. लांकूड मऊ म्हणून हें निभतें. पण लोखंडाचा दांडा एकसारख्या जाडीचा कातावयाचा झाल्यास हात थकतो, कांपतो आणि माप चुकतें. यास्तव हत्यार सरकत्या बैठकीवर घट्ट बसविण्याची युक्ति निघाली. हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) या इंग्रज कारागिरानें सुमारें १८०० सालीं बांधलेला, आटे पाडण्याचा लेथ हा तिचा प्रसिद्ध नमुना होय. तो लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत जतन केलेला आहे.

लेथाचा पाया म्हणजे बेड. हा बिडाचा ओतीव असून त्याच्या माथ्यावर सरळ, गुळगुळीत वाटा असतात. अचूकपणाचें मूळ येथेंच आहे. बेड वांकडा तर काम वांकडें. डाव्या टोंकास हेडस्टॉक असतो. त्यांतील स्पिंडल मोटारीच्या बळानें फिरतो, आणि त्याच्या तोंडाशीं बसविलेला चक आपल्या जबड्यांत जॉब धरतो. उजवीकडील टेलस्टॉक लांब जॉबच्या दुसऱ्या टोंकास आधार देतो. एरव्हीं तो हत्याराच्या दाबानें वांकेल. या दोहोंमध्यें कॅरेज असते. तिच्यावर क्रॉस स्लाइड, त्यावर कंपाउंड स्लाइड, आणि सर्वांत वर हत्यार धरणारा टूल पोस्ट, अशी उतरंड असते.

आतां मुठींकडे वळूं. कॅरेजचें मोठें हातचाक फिरविलें म्हणजे हत्यार जॉबच्या लांबीच्या दिशेनें जातें. क्रॉस स्लाइडची मूठ फिरविली म्हणजे तें जॉबच्या मध्याकडे सरकतें. येथें नवशिका हमखास फसतो. हत्यार १ मिलिमीटर आंत गेलें तर जॉबचा व्यास २ मिलिमीटरनें घटतो, कारण फिरता जॉब चोहोंकडून तासला जातो. म्हणून डायलवरील खुणा त्रिज्येच्या कीं व्यासाच्या, हें आधीं पाहावें. एकदां तासलेला धातु परत चिकटत नाहीं.

आटे पाडतांना हाफ नट मिटवितात. हा दुभंगलेला नट लीड स्क्रूस पकडतो, व दांत्यांच्या चाकांनीं ठरविलेल्या प्रमाणांत कॅरेज चालूं लागते. लीड स्क्रूचे आटे ६ मिलिमीटर अंतराचे असून आपणांस ३ मिलिमीटरचे पाडावयाचे असल्यास, स्पिंडलच्या एका फेऱ्यांत लीड स्क्रूचा अर्धा फेरा झाला पाहिजे. हाफ नट वेळीं उघडला नाहीं, तर हत्यार फिरत्या चकावर जाऊन आदळतें.

याहून मोठा धोका माणसास आहे. चकांत विसरलेली चावी मोटार सुरू होतांच भिरकावली जाते. सैल बाही, हातमोजे किंवा मोकळे केस फिरत्या जॉबमध्यें अडकले, तर हात ओढून घेण्यास अवधि मिळत नाहीं. सुटलेलीं धातूचीं लांब सालपटें हातानें ओढूं नयेत. यंत्र थांबवून आंकड्यानें काढावीं. डोळ्यांस चष्मा अवश्य असावा.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, यंत्र बंद असतांनाच प्रत्येक मूठ फिरवून पाहा. कोणत्या मुठीनें काय हालतें, हें ज्या दिवशीं न चुकतां सांगतां येईल, त्याच दिवशीं मोटार सुरू करण्याचा आपणांस अधिकार आला असें समजा.