गेटवरचा कॅमेरा गेला तर

आमच्या नाशिकच्या रो-हाउसच्या गेटवरचा वायफाय कॅमेरा ऐन पावसाळ्यात एका पहाटे कोणीतरी उतरवून नेला. किंमत अडीच हजार. सकाळी चहाच्या आधीच सल्ले देणारे जमले. "नवा बसवा आणि विसरून जा" असं एकाचं म्हणणं, तर "पोलिसांत जाऊन काय होणार" असं दुसऱ्याचं. नवा मी बसवलाच; पण त्याआधी जी कामं होती ती कोणत्या क्रमाने करायची हे कोणी सांगत नव्हतं. ते इथे लिहून ठेवतो.

१. भिंतीला हात लावू नका, आधी नीट बघा.

कॅमेरा कसा गेला यावरून तो का गेला याचा अंदाज येतो. वायर कापून ओढून नेला असेल, तर चोराला कॅमेरा नको होता, तुम्हाला आंधळं करायचं होतं, अशीही शक्यता धरा. मग मागच्या दाराची कडी, खिडक्यांच्या जाळ्या, गच्चीचं दार, गाडीची काच, सगळं फिरून तपासा. आमच्याकडे स्क्रू नीट फिरवून काढले होते आणि अडॅप्टरही सॉकेटमधून नेला होता. म्हणजे वापरणारा किंवा विकणारा. तुम्हाला काय दिसतं त्याचे मोबाईलवर फोटो काढा, लांबून आणि जवळून. सीसीटीव्हीवाला "दहा मिनिटांत येतो" म्हणाला तरी त्याला थांबवा. पोलिस ठसे घेतीलच असं नाही, पण त्याने ब्रॅकेट हाताळल्यावर घेण्यासारखं काही उरणार नाही.

२. ॲपमधून कॅमेरा डिलीट करू नका.

बंगळुरूहून मुलाचा फोन आला, "बाबा, आधी तो ॲपमधून काढून टाका." मी थांबलो. डिव्हाइस काढलं की बऱ्याच ॲपमध्ये जुने अलर्ट आणि क्लाउडवरच्या क्लिपा दिसेनाशा होतात. शिवाय काही कंपन्यांचा कॅमेरा पहिल्या मालकाच्या खात्याला बांधलेला असतो. त्याने सोडल्याशिवाय तो दुसऱ्याच्या फोनवर चालू होत नाही. चोरासाठी तो आपणच मोकळा करून द्यायचा?

आधी शेवटची क्लिप उतरवून घ्या. कॅमेरा किती वाजता ऑफलाइन गेला त्याचा स्क्रीनशॉट काढा. सिरीयल नंबर ॲपमध्ये असतो, खोक्यावरही असतो; तो कागदावर उतरवा. मग खात्याचा पासवर्ड बदला आणि कॅमेरा कोणाकोणाशी शेअर केलेला आहे ती यादी उघडा. कॅमेरा बसवून गेलेल्या मुलाचा नंबर त्या यादीत वर्षानुवर्षं राहिलेला असतो.

३. कॅमेऱ्याला काय माहीत होतं, याचा विचार करा.

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवला. तुमच्या वायफायचा पासवर्ड कॅमेऱ्याच्या पोटात साठवलेला असतो. सामान्य चोर तो काढत बसणार नाही, पण राउटरचा पासवर्ड बदलायला दहा मिनिटं लागतात. नंतर टीव्ही, प्रिंटर, बायकोचा टॅब, सगळे रुसतात, रुसू द्या.

मेमरी कार्डाचं प्रकरण जास्त गंभीर. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं, म्हणजे कार्डावर नेहमी अगदी ताजे दिवस असतात. स्वस्त कॅमेऱ्यांतलं बरंचसं चित्रण कुलूपबंद नसतं. कार्ड लॅपटॉपला लावलं की समोर दिसतं. आमच्या कार्डावर काय होतं? मी फिरायला किती वाजता निघतो, कामवाल्या मावशी कधी येतात, घराला कुलूप लावल्यावर किल्ली कोणत्या कुंडीखाली जाते. हे सगळं आम्हीच आमच्या पैशाने टिपून ठेवलेलं. किल्लीची जागा त्याच दिवशी बदलली, मुख्य दाराचं लॅचही बदलून घेतलं. बायकोला वाटलं मी अती करतोय. वाटू दे.

कॅमेरा सिमकार्डवर चालणारा असेल, शेतात किंवा पंपाच्या खोलीवर बसवतात तसा, तर कंपनीला फोन करून सिम लगेच बंद करा. सिमवरच्या यंत्राला आयएमईआय नंबर असतो, तोही तक्रारीत लिहा. साध्या वायफाय कॅमेऱ्याला तो नसतो, त्यामुळे चोरीचे फोन ब्लॉक करण्याच्या सरकारी पोर्टलवर त्याच्यासाठी वेळ घालवू नका.

४. पोलिस ठाण्यात जाताना बिल न्या.

ठाणे अंमलदारांचा पहिला प्रश्न, "काका, कितीचा होता?" हा प्रश्न कुतूहलाचा नसतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीसाठी वेगळी तरतूद आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. अशी किरकोळ चोरी अदखलपात्र धरली जाते. मग एफआयआरऐवजी एन.सी. होते, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. पण म्हणून किंमत फुगवून सांगू नका. बिल समोर आलं की तुमचंच बोलणं पोकळ ठरतं. मात्र कार्ड, अडॅप्टर, स्टँड, जे जे गेलं ते सगळं लिहा.

आणि घडलं ते पूर्ण सांगा. चोर कंपाउंडची भिंत ओलांडून आत आला असेल, तर ते वाक्य तक्रारीत आलंच पाहिजे. गुन्हा करण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या आवारात शिरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र आहे. कलम कोणतं लावायचं हे पोलिस ठरवतील. हकिगत आपली असते.

एक सल्ला हमखास मिळतो, "ऑनलाइन लॉस्ट रिपोर्ट टाका, काम होऊन जाईल." ती सोय हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. भिंतीला स्क्रूने बसवलेला कॅमेरा हरवत नाही. एफआयआर झाली तर तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, एन.सी. झाली तरी नोंदीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

५. शेजाऱ्यांचं फुटेज त्याच दिवशी.

आपला कॅमेरा गेला तरी गल्लीत इतरांचे असतात. समोरच्या वहिनींचा, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा. त्यांचे डीव्हीआरही जुनं पुसून नवं लिहितात, तेव्हा "उद्या बघू" चालत नाही. पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जा आणि वेळेचा नेमका टप्पा सांगा. डीव्हीआरचं घड्याळ क्वचितच बरोबर असतं. त्याचा स्क्रीन आणि शेजारी तुमचा मोबाईल, दोन्ही घड्याळं एका फोटोत घ्या. किती मिनिटांचा फरक आहे ते नंतर सिद्ध करत बसावं लागत नाही. मेडिकलचं घड्याळ तब्बल पाऊण तास पुढे होतं.

मूळ डीव्हीआर मालकाकडेच राहू द्या आणि मूळ फाइल तशीच ठेवा. मोबाईलने स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर फिरवलेली क्लिप गप्पांपुरती ठीक. कोर्टात प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. या कलमाचा जुना अवतार महाराष्ट्रातूनच गाजला. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत आले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं, की मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. आमदारकीच्या खटल्याला जे लागलं ते आपल्या अडीच हजारांच्या कॅमेऱ्यालाही लागतं.

६. ग्रुपवर फोटो टाकून "हाच चोर" लिहू नका. आमच्या ग्रुपवर ज्याच्यावर संशय घेतला गेला, तो पहाटे दूध टाकणारा मुलगा निघाला.

७. विम्याच्या आशेवर राहू नका. भारत गृह रक्षा पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप यांच्यासाठी आहे; तिच्यात चोरी येते ती अशा घटनेनंतरच्या सात दिवसांतली. वेगळं घरफोडीचं संरक्षण घेतलं असलं तरी त्यात बहुधा बळजबरीने आत शिरल्याची अट असते. बाहेरच्या भिंतीवरून स्क्रू काढून नेलेली वस्तू त्यात बसवणं कठीण. पॉलिसी मात्र वाचून बघा.

८. नवा कॅमेरा त्याच जागी तसाच लावू नका.

हात पोचणार नाही इतका वर लावला की चोराची फक्त टोपी दिसते. खाली लावला की कॅमेरा जातो. आम्ही एक वर लावला आणि दुसरा पोर्चच्या ग्रिलच्या आत, चेहऱ्याच्या उंचीवर, पहिल्याकडे बघणारा. वायर पाइपातून घेतली, अडॅप्टर घराच्या आत ठेवला. रेकॉर्डिंग कार्डाऐवजी कपाटातल्या रेकॉर्डरवर होतं. खरेदी करताना दुकानदाराला विचारा, मॉडेल सरकारच्या सुरक्षा-निकषांवर तपासलेलं आहे का. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी ते सक्तीचं आहे. आणि बिल फाइलला लावा. जुना कॅमेरा कधी सापडलाच, तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो, कोर्टाच्या आदेशाने परत मिळतो, आणि तेव्हा पुन्हा पहिला प्रश्न बिलाचाच असतो.